सनदेआधीचे विद्यापीठ

मुंबई विद्यापीठाचा इतिहास सांगायला बसले की १८ जुलै १८५७ या तारखेपासून सुरुवात होते. उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असताना कायदा मंजूर झाला, पुढे प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर उभे राहिले, पदवीदान सभागृह झाले, आणि विद्यापीठ म्हणजे फोर्टातली ती दगडी इमारत हे समीकरण पक्के झाले. ही हकिगत खोटी नाही, पण अर्धीच आहे. १८५७च्या कायद्याने जी संस्था जन्माला आली ती शिकवतच नव्हती. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घ्यायची आणि पदव्या द्यायच्या, एवढेच तिचे काम होते. १८५९मध्ये पहिली मॅट्रिक झाली, १३२ उमेदवार बसले, २२ उत्तीर्ण झाले. १८६२मध्ये पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. विद्यापीठाने समाजशास्त्र-अर्थशास्त्राचा स्वतःचा अध्यापन विभाग उघडायला मात्र १९१९ साल उजाडावे लागले. म्हणजे साठेक वर्षे या विद्यापीठाला कचेरी होती, सिनेट होती, नियमावली होती आणि वर्ग नव्हता. मग ज्याला आपण विद्यापीठ-समाज म्हणतो, शिक्षक आणि आजी-माजी विद्यार्थी यांचे एकमेकांशी वर्षानुवर्षे चालणारे बोलणे, ते या शहरात कुठे घडले? माझे म्हणणे असे की ते सनदेच्या नऊ वर्षे आधीच सुरू झालेले होते. त्याची तारीखही सांगता येते, १३ जून १८४८. आणि सनदेने त्या बोलण्यात भर घातली त्याहून काटछाटच अधिक केली.

त्यासाठी थोडे मागे जायला हवे. १८२७मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नरपदावरून पायउतार झाले तेव्हा मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी आणि सरदार-जहागीरदारांनी त्यांच्या नावे वर्गणी गोळा केली. रक्कम दोन लाखांहून वर गेली आणि तिचा विनियोग विलायतेहून प्राध्यापक आणवण्यासाठी करायचा असे ठरले. निरोपाची भेट म्हणून प्राध्यापकांचा पगार देणारे शहर विरळाच. एल्फिन्स्टन यांच्याच नावाच्या कॉलेजात १८३५मध्ये ऑर्लेबार आणि हार्कनेस हे दोघे आले, एक गणित-पदार्थविज्ञानाचा, दुसरा साहित्याचा. विद्यार्थी मूठभर. पण त्या मूठभरांहून महत्त्वाचा माणूस ऑर्लेबार यांच्या हाताखाली होता. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर त्या वेळी जेमतेम तेवीस वर्षांचे होते आणि ६ जानेवारी १८३२पासून ‘दर्पण’ चालवत होते. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी अशा त्या पत्रात जे छापले जाई त्याचा आणि वर्गात जे शिकवले जाई त्याचा लेखक एकच होता. पुढे १८४०मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिक काढले. वर्ग सुटला तरी शिकवणे सुटत नाही, ते छापखान्यात आणि लोकांच्या ओसरीवर चालूच राहते, ही रीत मुंबईत बाळशास्त्रींनी घालून दिली. १८४६मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत दादाभाई नौरोजी होते, हे नाव पुढच्या हकिगतीला पुरेसे आहे.

दादाभाईंची गोष्ट या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. फी न भरता शाळा शिकलेला हा गरीब पारशी मुलगा एल्फिन्स्टनमध्ये इतका चमकला की न्यायाधीश आणि शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनी त्याला बॅरिस्टरीसाठी विलायतेला धाडायचे सुचवले. अर्धा खर्च मी देतो, अर्धा पारशी समाजाने द्यावा, असा प्रस्ताव. समाजधुरीणांनी नकार दिला. १८३९मध्ये जॉन विल्सन यांच्या मिशनमध्ये दोन पारशी मुलांनी धर्मांतर केले होते, त्याची धास्ती अजून ओसरली नव्हती. तेव्हा दादाभाई जिथे शिकले तिथेच १८४५मध्ये शिक्षक म्हणून लागले आणि १८५०च्या दशकात गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. हे पद मिळवणारे ते पहिले भारतीय. बारकाईने पाहिले तर यात एक गंमत आहे. पदवी नावाची वस्तूच तेव्हा अस्तित्वात नव्हती. त्यामुळे विद्यार्थी नेमका कधी ‘माजी’ झाला हे सांगणारा कागद कुणाकडे नव्हता. कालचा विद्यार्थी आज सहायक शिक्षक, त्याचे वर्गमित्र बाहेर पेढीवर किंवा कचेरीत, आणि संध्याकाळी सगळे पुन्हा त्याच खोलीत. पदवीदान समारंभ हा एका अर्थी निरोपसमारंभ असतो. इथे निरोपच दिला जात नव्हता.

या मंडळींना बांधणारा धागा एल्फिन्स्टनचेच प्राध्यापक पॅटन यांनी पुढे केला. १३ जून १८४८ रोजी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. नावात ‘विद्यार्थी’ असले तरी सभासदांत शिक्षक, शिकून बाहेर पडलेले आणि अजून शिकत असलेले, तिन्ही होते. एकाने निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्याचा समाचार घ्यायचा, असा प्रघात. काही महिन्यांतच सभेला देशी भाषांच्या शाखा फुटल्या. गुजरातीची ज्ञानप्रसारक मंडळी आणि मराठीची उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. मराठी शाखेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग तर्खडकर होते, ज्यांचे व्याकरण १८३६पासून शाळाशाळांत पोचलेले होते. या शाखांचे महत्त्व त्या वर्षांतला वाद माहीत असल्याशिवाय कळत नाही. शिक्षण मंडळात पेरी इंग्रजीचा कैवार घेत होते. कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ (नाना) शंकरशेट देशी भाषांची बाजू लढवत होते. मंडळाच्या टिपणांत हा प्रश्न माध्यमाचा म्हणून घोळत राहिला. या पोरांनी मात्र तो आपल्यापुरता सोडवून टाकला : इंग्रजीत वाचलेले मराठीत आणि गुजरातीत लोकांसमोर मांडायचे. १८५०पासून निघालेले ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक १८६७पर्यंत चालले. रसायन, खगोल, इतिहास, व्यापार, आरोग्य अशा विषयांवर मराठी गद्य कसे लिहावे याची घडण या मासिकाच्या पानांत झाली, आणि ते बंद पडले त्याच वर्षी ‘विविधज्ञानविस्तार’ सुरू झाले. सतरा वर्षे मासिक चालवणे ही हौशी विद्यार्थ्यांची करमणूक असू शकत नाही.

सभेच्या कामातला सर्वांत बोलका प्रसंग मुलींच्या शाळांचा आहे, आणि तो जरा जवळून पाहायला हवा. बेहरामजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा रंगली, टाळ्या पडल्या. तेव्हा पॅटन यांनी विचारले की हे सगळे बोलण्यापुरतेच, की तुम्ही काही करणार? प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना टाकलेला हा पेच होता आणि तो लागू पडला. दादाभाईंनी म्हातारपणी लिहून ठेवले आहे की ते आणि त्यांचे मित्र पारशी वस्तीत दारोदार फिरले. मुलींना आमच्याकडे पाठवा, नाहीतर तुमच्या व्हरांड्यात बसून शिकवू द्या, एवढीच विनवणी. काही बापांनी सोय करून दिली. काहींनी जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी दिली. १८४९मध्ये शाळा उघडल्या तेव्हा ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली पटावर आल्या. पगारी शिक्षक कुठून आणणार? सभासद सकाळी कॉलेजच्या आधी येऊन फुकट शिकवत. पुढे कामा कुटुंबाने पैशाची बाजू उचलली आणि मराठी मुलींच्या शाळेसाठी नाना शंकरशेटांनी गिरगावातल्या आपल्या वाड्याच्या आवारात जागा दिली. सोसायटीच्या नावाची मुलींची शाळा गिरगावात त्यानंतर शतकाहून अधिक काळ नांदली. या घटनेत विद्यापीठाची सगळी अंगे दिसतात : संशोधनपर निबंध, त्याची तपासणी, त्यातून निघालेले काम, आणि त्या कामाला समाजाने दिलेले दाम. फक्त परीक्षा नव्हती.

यावर पहिला आक्षेप सहज सुचणारा आहे. ही सभा कॉलेजातल्या पोरांची होती, साहेबाच्या नजरेखाली चालणारी. धर्म आणि राजकारण हे दोन्ही विषय तिथे वर्ज्य होते. ज्या दोन गोष्टींनी एकोणिसावे शतक ढवळून निघाले त्यांना दाराबाहेर ठेवून कसली विचारांची देवाणघेवाण? आक्षेपात तथ्य आहे. पण बंदीचा परिणाम काय झाला तेही पाहिले पाहिजे. जे आत बोलता येत नव्हते ते बोलण्यासाठी याच माणसांनी शेजारी दुसऱ्या खोल्या उघडल्या. १८४९मध्ये दादोबा आणि राम बाळकृष्ण जयकर यांनी परमहंस सभा काढली. ती गुप्त होती. तिथे येणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि परजातीच्या हातचे पाणी प्यावे लागे. पावाचा एक तुकडा ही आज हसण्यावारी नेण्याची गोष्ट वाटेल. तेव्हा तेवढ्यावरून माणसाला वाळीत टाकत, लेकीबाळींची लग्ने अडत. राजकारणाची खोली १८५१-५२मध्ये उघडली. पारशी-मुसलमान दंगलीनंतर दादाभाईंनी ‘रास्त गोफ्तार’ काढले, आणि २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशनची सभा भरली ती एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्याच दालनात. नाना शंकरशेट, दादाभाई ही तीच नावे पुन्हा दिसतात. बंदी सभेच्या नियमावलीत होती. त्या मंडळींच्या डोक्यात नव्हती.

परमहंस सभेचा शेवट मात्र लपवण्यात अर्थ नाही. १८६०च्या सुमारास तिचे दप्तर चोरीला गेले, सभासदांची नावे उघडी पडली आणि भीतीने सगळे पांगले. जातिभेद मोडायला निघालेली माणसे जातीच्या भीतीने घरी बसली, अशी टिंगल तेव्हाही झाली आणि अजूनही होते. ती रास्तच आहे. तरी सात वर्षांनी, ३१ मार्च १८६७ रोजी, दादोबांचे धाकटे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने गिरगावात प्रार्थना समाज स्थापन झाला तेव्हा तो उघडपणे झाला, आणि लवकरच विद्यापीठाचे पहिले पदवीधर रानडे आणि भांडारकर त्यात येऊन मिळाले. (याच आत्मारामांच्या कन्येने, अन्नपूर्णेने, १८७८मध्ये विलायतेला निघालेल्या तरुण रवींद्रनाथ टागोरांना इंग्रजी संभाषण शिकवले. या घराण्याला शिकवण्याचा नादच होता.) म्हणजे विद्यापीठाने पहिले पदवीधर बनवले हे खरे, पण ते जाऊन बसले ते त्यांच्या आधीच्या, पदवी नसलेल्या पिढीने मांडलेल्या बैठकीत.

आता विद्यापीठाने स्वतः काय केले ते पाहू. परीक्षेचा दर्जा राखला, हे श्रेय द्यायलाच हवे. पण ज्ञानप्रसारक सभेने मराठीला जी जागा करून दिली होती ती विद्यापीठाने हिरावून घेतली. १८६०च्या दशकातच देशी भाषा वरच्या परीक्षांतून बाद झाल्या, आणि त्या परत आणण्यासाठी रानड्यांना सिनेटमध्ये वर्षानुवर्षे झगडावे लागले. एम.ए.ला मराठीचा समावेश झाला तेव्हा १९०१ साल आले होते आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत रानडे गेले. दुसरी गोष्ट रानड्यांच्या विद्यार्थिदशेतली. एल्फिन्स्टनमध्ये असताना त्यांनी एका निबंधात मराठेशाहीची आणि इंग्रजी अमलाची तुलना केली आणि तीत इंग्रजी अंमल उणा ठरवला. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. ग्रँट कोत्या मनाचे नव्हते. ॲरिस्टॉटलवरचा त्यांचा ग्रंथ नावाजलेला होता आणि या विद्यार्थ्यावर त्यांचा लोभ होता. तरीही मतभेद दिसताच त्यांच्या हातात जे हत्यार होते ते त्यांनी उचलले. पॅटन यांनी काही वर्षांपूर्वी पोरांना पेच टाकला होता. ग्रँट यांनी शिक्षा दिली. दोघेही प्राध्यापक, दोघेही साहेब, कॉलेजही तेच. मधल्या काळात बंड होऊन गेले होते आणि प्राध्यापकाची नोकरी आता थेट सरकारी शिक्षण खात्याशी बांधली गेली होती. एवढ्या एका दाखल्यावर सगळा न्याय करू नये, हे मान्य. रानडे पुढे त्याच कॉलेजात शिकवायला आले, भांडारकरही आले, १८९२मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले भारतीय कुलगुरू झाले आणि त्यांच्या मागोमाग भांडारकर. गाडी रुळावर आली, पण तिला तीस वर्षे लागली.

दुसरा आक्षेप पहिल्याहून जड आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. या बोलण्यात होते कोण? पारशी, ब्राह्मण, प्रभू, सारस्वत, सोनार, भाटिये. शहरातल्या शिकू शकणाऱ्या आठ-दहा जाती. मुलींच्या शाळेतल्या मुलीही त्यांच्याच घरच्या. त्याच १८४८मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि थोड्याच वर्षांत महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा उघडल्या. त्यांच्यामागे एल्फिन्स्टनसारखे कॉलेज नव्हते, निबंधसभा नव्हती, शंकरशेटांचा वाडाही नव्हता. मुंबईकरांकडे हे सगळे असून त्यांची नजर तिथवर पोचली नाही. परमहंस सभेतला पाव ख्रिस्त्याच्या हातचा होता, पाणी परजातीचे होते. पण ज्याच्या हातचे ते पाणी प्यायचे तो सभेत निबंध वाचायला कधी बसला नाही. स्त्रियांच्या बाबतीतही तेच. १८४९मध्ये मुलींना शिकवायला निघालेल्या शहरातल्या विद्यापीठाने स्त्रियांना परीक्षेला बसू द्यायला १८८३ साल घेतले. यावर ‘काळच तसा होता’ असे म्हणणे सोपे आहे, पण फुले त्याच काळातले होते.

इथे माझ्या मुद्द्याला एक वळण घ्यावे लागते. इतका वेळ मी परीक्षेला दुय्यम लेखत आलो. पण ज्याला बोलण्याच्या खोलीत प्रवेशच नाही त्याच्या दृष्टीने परीक्षा ही फार मोठी गोष्ट असते, कारण उत्तरपत्रिकेला विटाळ होत नाही. भीमराव आंबेडकर परळच्या चाळीत राहून एल्फिन्स्टन हायस्कुलात जात होते. एकदा गुरुजींनी त्यांना गणित सोडवायला फळ्याशी बोलावले तेव्हा वर्गातली पोरे धावत सुटली, कारण त्यांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. संस्कृत शिकू दिले नाही म्हणून फारसी घ्यावी लागली. अशा वर्गात शिक्षक-विद्यार्थ्यांचे कसले आले आहे बोलणे! १९०७मध्ये ते मॅट्रिक झाले, ते मात्र कुणाला नाकारता आले नाही. त्यानिमित्ताने सत्काराची सभा भरली. अध्यक्ष सीताराम केशव बोले होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळुसकर विल्सन हायस्कूलचे शिक्षक. भीमरावांना त्यांनी आधीपासून पाहिले होते ते चर्नी रोडच्या बागेत, संध्याकाळी एकटे वाचत बसलेले. मुलगा कोण, काय वाचतो याची चौकशी त्यांनी केली आणि पुस्तके द्यायला सुरुवात केली. पुढे सयाजीराव गायकवाडांकडून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही केळुसकर होते. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके आणि कपडे दिले, तेही नोंदवले पाहिजे. तरी ज्या माणसाने या विद्यार्थ्याशी खरा संवाद केला तो त्याच्या कॉलेजचा प्राध्यापकच नव्हता. एका शाळेचा मास्तर आणि दुसऱ्या शाळेचा विद्यार्थी, बागेच्या बाकावर. १८४८च्या मंडळींनी जे काम सभेच्या खोलीत केले ते इथे खोलीच्या बाहेर झाले, कारण खोली बंद होती.

ती किती बंद होती हे १९१८मध्येही दिसले. आंबेडकर कोलंबियाची विद्या घेऊन सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी घेण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. विद्यार्थी मात्र, दुसऱ्या कॉलेजातलेसुद्धा, त्यांची व्याख्याने ऐकायला येऊन बसत. तेव्हा ‘विद्यापीठ-समाज’ हा शब्द वापरायचा तर तो कोणाबद्दल वापरायचा, स्टाफरूमबद्दल की मागच्या बाकांबद्दल, हे ठरवून वापरावा. या काळात बोलण्याचा मुक्काम फोर्ट आणि गिरगावातून उत्तरेकडे सरकला होता. ना. म. जोशी यांनी १९११मध्ये काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवली होती. परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी आंबेडकरांनी बैठक बोलावली आणि त्यातून २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. तिचे अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड, म्हणजे मुंबई विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू. उपाध्यक्षांत रँग्लर परांजपे होते, बाळ गंगाधर खेर होते. कार्यकारी मंडळाची सूत्रे आंबेडकरांकडे. वसतिगृहे, वाचनालये, शिक्षणाचा प्रसार ही कामे. ज्या विद्यापीठाच्या सिनेटमध्ये गिरणगावाचा विषय क्वचितच निघाला असेल त्याच्या कुलगुरूंना परळमधल्या हॉलचा पत्ता शोधायला लावला तो त्याच विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याने. सेटलवाडांची मवाळ मते आणि आंबेडकरांची पुढची वाट यांत अंतर पडत गेले, ते पडणारच होते. पण १८४८च्या सभेत ज्या माणसाला स्थान नव्हते तो इथे यजमान होता आणि विद्यापीठ पाहुणे होते, एवढे तरी या यादीवरून सिद्ध होते.

तिसरा आक्षेप असा घेता येईल की हे सगळे कॉलेजाबाहेरचे, सभा-समाजांचे काम आहे. त्याला सार्वजनिक जीवन म्हणा, विद्यापीठ कशाला म्हणता? उत्तर सरळ आहे. बॉम्बे असोसिएशनला किंवा प्रार्थना समाजाला मी विद्यापीठ म्हणत नाही. ती त्याची फळे होती. विद्यापीठ म्हणतो ते निबंध वाचून तो इतरांच्या हाती चिरफाडीला देण्याच्या सवयीला, आणि ती सवय शिक्षकाने शिष्याला लावून मग स्वतःही तिच्या कचाट्यात सापडण्याला. ही कसोटी लावली तर फोर्टातली इमारत १९१९नंतर, विशेषतः १९२४मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्यानंतर गोविंद सदाशिव घुर्ये समाजशास्त्राच्या विभागावर आले तेव्हापासून, विद्यापीठ होऊ लागली असे म्हणावे लागते. घुर्ये मालवणचे, एल्फिन्स्टनमध्ये संस्कृत शिकलेले आणि केंब्रिजहून परतलेले. शिस्तीला कडक, मताला ठाम. त्यांच्याकडे इरावती कर्वे यांनी १९२८मध्ये एम.ए.चा प्रबंध केला तो चित्पावनांवर, म्हणजे आपल्याच जातीला संशोधनाच्या टेबलावर ठेवून. म्हैसूरहून आलेल्या एम. एन. श्रीनिवास यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली लग्न आणि कुटुंबसंस्थेवर काम केले आणि पुढे गुरूच्या ग्रंथाधारित पद्धतीपासून दूर जाऊन गावात प्रत्यक्ष राहून अभ्यास करण्याची वाट धरली. तो मतभेद दोघांनीही लपवला नाही. सर्वांत बोलके उदाहरण अक्षयकुमार रमणलाल देसाई यांचे. देसाई मार्क्सवादी, चळवळीतला माणूस. भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक मुळे उत्पादनपद्धतीत शोधणारा प्रबंध त्यांनी घुर्यांच्याच हाताखाली लिहिला आणि १९४८मध्ये तो पुस्तकरूपाने आला. घुर्ये मार्क्सवादाच्या जवळपासही नव्हते. भारताची एकता त्यांना हिंदू परंपरेत दिसत होती. इंग्रजी राजवटीविषयीच्या एका निबंधावरून रानड्यांची शिष्यवृत्ती जिथे थांबली होती, त्याच विद्यापीठात गुरूच्या सगळ्या मांडणीला छेद देणारा हा प्रबंध मंजूर झाला, आणि १९५१मध्ये देसाई त्याच विभागात शिकवायला लागले. पुढे ते विभागप्रमुखही झाले.